पुसलेल्या तेवीस याद्या

जोंधळेवाडीच्या जत्रेत देवीपेक्षा पत्रिका मोठी. उगाच म्हणत नाही. देवीचा पितळी मुखवटा तीन वर्षं गालात चेपलेला होता, त्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. पण पत्रिकेत मानसिंग अण्णांचं नाव चौथ्यावरून पाचव्यावर गेलं, त्या साली छबिन्याच्या मिरवणुकीत काठ्या निघाल्या.

पत्रिका म्हणजे एक गुलाबी कागद. वर देवी, मधे कुस्त्यांचं इनाम, खाली निमंत्रकांची नावं. एकशे बारा नावं. जत्रा कुठल्या तारखेला, पालखी किती वाजता, हे कुणी वाचत नाही. माणूस आधी आपलं नाव शोधतो, मग आपल्या वर कोण आहे ते बघतो, आणि तिथून वर्षभराचं वैर सुरू होतं.

गेल्या साली तर पाच जणांकडं पाच याद्या निघाल्या. सगळ्या कार्बन कॉपी, सगळ्या 'खऱ्या'. म्हणून १९९९ च्या जत्रेसाठी पंचांनी डोकं लढवलं आणि नियम केला की यंदा कागदच ठेवायचा नाही. यादी कम्प्युटरात राहील. बैठकीत छापून आणायची, वाचायची आणि तिथंच देवीपुढं जाळायची. जगात लोक कम्प्युटर बंद पडेल म्हणून कागद सांभाळतात. आमच्या पंचांनी कागद जाळून कम्प्युटर सांभाळला.

तो कम्प्युटर माझा. मी आकाराम, दहावी नापास, आष्ट्याला स्टँडसमोर कम्प्युटर क्लास चालवतो म्हणून गावात 'मास्तर'. बाकीच्या मशिनींना आठवड्याला व्हायरस लागायचा, म्हणून माझ्या स्वतःच्या मशिनीवर मी लिनक्स नावाची वेगळी सिस्टीम टाकली होती. साताऱ्याच्या विनोदिनी आगाशे मॅडमनी दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं, तिथं सीडी मिळाली. लिनक्स फुकट आहे, दणकट आहे, आणि माणसाला शहाणं समजतं. एखादी गोष्ट पूस म्हणालात, तर 'नक्की का?' असं विचारत बसत नाही. फसतो आपण तिथंच. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून मी यादी इंग्रजी अक्षरांत लिहायचो आणि सांगलीचा प्रेसवाला नारायणराव ती बघून मराठीत जुळवायचा.

बैठका तीन महिने चालल्या. खरी बैठक देवळात नव्हतीच, माझ्या दुकानात होती. एकेक जण एकटा यायचा. "चहा घेतलास का मास्तर?" असं विचारायचा, म्हणजे काम आहे हे कळायचं. मग हळूच, "ते माझं नाव जरा वर सरकीव की गड्या. कोण बघतंय?" मी सरकवायचो. नाही म्हणायला माझ्या अंगात काय पुढाऱ्याचं रक्त नव्हतं, आणि गिऱ्हाईक तोडायची ताकदही नव्हती. पण दर वेळी मी नवी यादी वेगळी ठेवायचो आणि वरच्या ओळीत लिहून ठेवायचो की कोण आलं, काय म्हणालं. उद्या कुणी उलटला तर मला दाखवता यावं. अशा तेवीस याद्या झाल्या.

चोविसावी यादी शालूबाईमुळं झाली.

शालूबाई जोंधळेवाडीची सरपंच. जागा बायकांसाठी राखीव पडली, तेव्हा गावानं जोतिबा आबांना विचारलं, आबांनी बायकोला उभी केली. दोन वर्षं सही शालूबाईची आणि खुर्ची आबांची, असा कारभार. लोक आबांनाच सरपंच म्हणायचे आणि आबा 'व्हय' म्हणायचे. गेल्या पत्रिकेत तर पहिल्या नंबरवर आबांचं नाव छापलं आणि पुढं 'सरपंच' लिहिलं. ती पत्रिका शालूबाईंनी स्वतः घरोघर वाटली. मला वाटतं, वाटता वाटताच त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजलं. यंदा मी सुरुवातीला नियमानं त्यांचंच नाव एक नंबरला टाकलं होतं, पण सरकता सरकता ते कुठल्या कुठं गेलं.

सोमवारच्या शेवटच्या बैठकीला त्या देवळाच्या पायरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कुस्त्यांचं मैदान पंचायतीचं हाय. परवानगीवर सही माझी लागती. माझं नाव माझ्या नावानं पयल्या नंबरला पायजे. न्हाईतर पैलवानांनी उसात कुस्त्या कराव्यात."

तासभर आरडाओरडा झाला. पण कुस्त्या नसल्या तर जत्रेला कोण येतंय? शेवटी ठरलं. एक नंबर शालूबाई, मानसिंग अण्णा सहावे, जोतिबा आबा सातवे. सगळ्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली, यादी वाचली, जाळली. एकशे बारा नावांचा तो क्रम आता जगात एकाच जागी होता, माझ्या मशिनीत.

बुधवारी दोनच्या एसटीनं फ्लॉपी सांगलीला जायची होती. लगीनसराई, नारायणरावानं चार वाजताची मशीन दिली होती. ती चुकली तर जत्रा होऊन गेल्यावरच पत्रिका निघाली असती.

सकाळी साडेदहाला मी मशिनीपुढं बसलो आणि त्या तेवीस याद्या दिसल्या. वरच्या ओळी कुणी वाचल्या तर आष्ट्यात मला दुकान ठेवता आलं नसतं. म्हणून म्हटलं, पुरावा नष्ट करावा. एकेक पुसायचा कंटाळा. मशिनीला सांगितलं, 'यादी' नावानं सुरू होणारं सगळं पूस. एंटर दाबलं. चोविसाव्या यादीचं नावसुद्धा 'यादी'नंच सुरू होतं, हे मला बोट वर उचलताना आठवलं.

मशिनीनं काही विचारलं नाही. पुसलं.

तेवढ्यात दारात शालूबाई. इस्त्रीचं लुगडं, हातात कापडी पिशवी. "मास्तर, द्या ती फ्लॉपी. मी सोता जाणार सांगलीला. छापताना डोळ्यानं बघणार. हितल्या मान्सांवर माझा इस्वास न्हाई."

"वैनी, बसा जरा."

"बसाय न्हाई आले. काय झालं? त्वांड का असं?"

सांगितलं. खोटं बोलायला सुचलंच नाही.

त्या ओरडल्या नाहीत. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "पुना बैठक बसली तर माझं नाव ऱ्हाईल का?"

"न्हाई."

"मग बैठक बसली न्हाई पायजे. काडा भायेर. तुमी घालवलंय, तुमीच काडा."

समोरच्या बाजूला बनुबाईंचा एसटीडी बूथ. मी रस्ता धावत ओलांडला, शालूबाई मागोमाग. साताऱ्याला मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी आष्ट्याचा आकाराम. पुसलं गेलं."

"काय पुसलं?"

"सगळं."

"गाढव आहात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्यानंतर मशिनीवर काही लिहिलंत?"

"न्हाई."

"मग थोडे कमी गाढव आहात. ऐका. पंचायतीच्या रजिस्टरातून घराची नोंद खोडली, म्हणजे घर पडतं का?"

"न्हाई पडत."

"तसंच आहे. नोंद गेली, घर उभं आहे. पण मोकळी जागा समजून दुसरं कुणी तिथं राहायला आलं की संपलं. म्हणून एक अक्षरसुद्धा नवीन लिहायचं नाही. मी सांगते तेवढंच टाइप करायचं. मशीन फोनजवळ आहे ना?"

मशीन रस्त्यापलीकडं होती. मधे एसटी, बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर.

फोन शालूबाईंच्या हातात दिला आणि परत येतो तर दुकानात मानसिंग अण्णा. पाठीमागं चार माणसं. बातमी कशी फुटली देव जाणे, पण आष्ट्याच्या स्टँडवर बातमीला एसटी लागत नाही. अण्णा माजी सरपंच. चेहऱ्यावर दुःख आणलेलं होतं, पण मिशीच्या टोकांना ते मानवत नव्हतं.

"गेली म्हणं यादी? अरारारा. देवीचीच विच्छा, दुसरं काय. बस मास्तर, टायमाला अजून लय येळ हाय. मी सांगतो, तू टाइप कर. घे लिवून. एक नंबर..."

"अण्णा, काही लिहायचं न्हाई म्हणाल्यात मॅडम. नवं लिहिलं की जुनं कायमचं जातं."

"मग जाऊ दे की! मेल्यालं मढं उकरून काय करायचंय? लिव, एक नंबर मानसिंगराव..."

आणि ह्या माणसानं की-बोर्डकडं हात घातला. त्याला कम्प्युटरातलं काही कळत नव्हतं. पण कुठल्या बटणानं शालूबाई मरतात, हे बरोबर कळलं होतं. पुढाऱ्याला एवढंच शिक्षण पुरतं.

त्याचा हात मधेच कुणीतरी धरला. नाथाजी सुभेदार. सैन्यात सिग्नलला सव्वीस वर्षं काढलेला माणूस. पेन्शनीत अठरा वर्षं झाली तरी अजून चालताना पाय आपटतो. "अण्णा, पाठीमागं व्हा. लाइन क्लिअर ठेवा. मास्तर, तुझा प्रॉब्लेम काय? फोन तिकडं, मशीन हिकडं? मी हाय ना मधी."

अशी लाइन लागली. बूथमध्ये शालूबाई फोन कानाला लावून. सातवीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं ओळखतात. रस्त्याच्या दुभाजकावर नाथाजी. आणि इकडं मी. मॅडम अक्षरं सांगणार, शालूबाई ओरडणार, नाथाजी ती फौजी पद्धतीनं, एका अक्षराला एक शब्द लावून, पुढं पाठवणार.

"युनिफॉर्म!" नाथाजी रस्त्याच्या मधून गरजला. "माइक! ऑस्कर! युनिफॉर्म! नोव्हेंबर! टँगो! हाऊ कॉपी?"

एसटीतली माणसं खिडकीतून बाहेर आली. त्यांना वाटलं, युद्ध लागलं.

पण एक अक्षर चुकलं नाही, खरं सांगतो. आधी याद्या होत्या तो डिस्कचा भाग मशिनीपासून सोडवला, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाऊ नये. मग डेल्टा, इको, ब्राव्हो, युनिफॉर्म, गोल्फ, फॉक्सट्रॉट, सिएरा. डिस्कच्या पोटात हात घालायचा तो प्रोग्रॅम. मग पुसलेलं सगळं दाखव, असं सांगायची आज्ञा. डिस्क करकरायला लागली. मशीन विचार करत होती आणि दारात चाळीस माणसं उभी होती. कुठून आली विचारू नका. जोंधळेवाडीहून आष्टा चार किलोमीटर, आणि जोतिबा आबा तर सायकल मारत घामानं ओले होऊन आले होते.

पडद्यावर ओळी आल्या. चोवीस. नाव नाही, फक्त नंबर, आकार आणि पुसल्याची वेळ. सगळ्यांची वेळ एकच. एकाच फटक्यात मेल्या होत्या त्या.

"वैनी, चोवीस दिसत्यात! पण कुठली कुठली, कळत न्हाई!" मी ओरडलो.

नाथाजीनं पलीकडं पाठवलं. उत्तर आलं. "मॅडम म्हणत्यात, एकेक उघडून बघा! पयली ओळ सांगा! त्यावरनं ठरवू! ओव्हर!"

पहिली ओळ.

पहिल्या ओळी मी कुणासाठी लिहिल्या नव्हत्या. "नाथाजी," मी हळू म्हणालो, "हिकडं या, कानात सांगतो."

"कानात न्हाई चालत. मेसेज जसा हाय तसा जातो. सिग्नलचा नियम." तो आत आला, चष्मा लावला, पडद्यावरची ओळ वाचली आणि दारात उभा राहून, सव्वीस वर्षांच्या सवयीनं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला.

"मानसिंग अण्णा आले! चहा दिला! शालूबाई पयल्यावरनं एकोणीसवर! म्हणाले, बाईमाणूस हाय, खाली शोभंल! ओव्हर!"

स्टँडवर बोंब झाली. अण्णांनी मिशीला हात लावला तो तिथंच राहिला.

"ही न्हवं," बूथमधून शालूबाई. "पुढची."

पुढची उघडली. नाथाजी वाकला, वाचायला लागला आणि क्षणभर थांबला. मला वाटलं, गिळणार. पण फौजी माणूस. छाती पुढं काढली.

"नाथाजी सुभेदार! शहात्तरवरनं दहावर! येताना मिलिटरी कँटिनची बाटली आणली! ओव्हर!"

"आवं सुबेदार!" गर्दीतून कुणीतरी हसत म्हणालं, "ती बी सांगायची व्हय?"

"मेसेज हाय," नाथाजी म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. "मेसेजला मागंपुढं न्हाई."

एकापाठोपाठ एक निघायला लागलं. दूध डेअरीचा चेअरमन, पतपेढीचा सेक्रेटरी, कीर्तनकार. देवळात भंडारा उचलणारा एकेक हात माझ्या दुकानात कशासाठी आला होता, ते आष्ट्याच्या स्टँडवर जाहीर होत होतं. आपलं नाव येईल म्हणून काही जण हळूच रसवंतीच्या मागं सरकले. बाकीचे त्यांना ओढून पुढं आणत होते.

सोळावी उघडली. मी पडदा हातानं झाकला.

"हात काड," नाथाजी.

"ही न्हाई वाचायची."

"हात काड, मास्तर."

काढला.

"मी सोता!" नाथाजी ओरडला. "म्हंजे मास्तर! अठ्ठ्याऐंशीवरनं एक्केचाळीसवर! कुणी सांगितलं न्हाई! आपलं आपणच! ओव्हर!"

माझी आई गर्दीत नव्हती, हेच नशीब. मानसिंग अण्णा मात्र दिवसात पहिल्यांदा मनापासून हसले. "आरं, चोरांचा चोर तूच निघालास की रं!" आणि त्यात चूक काय होती? मी सगळ्यांना शिव्या देत होतो आणि दुकानात येणाऱ्यांसारखाच मीही मागच्या दारानं वर चढलो होतो. फक्त मला चहासुद्धा लागला नव्हता.

अठरावी.

नाथाजीनं वाचली. मग माझ्याकडं बघितलं. मग गर्दीत, सायकलला धरून उभ्या असलेल्या जोतिबा आबांकडं. आबांनी मान हलवली. नको म्हणून. नुसती एवढीशी.

रस्त्यापलीकडं शालूबाई फोन धरून वाट बघत होत्या.

"मेसेज हाय," नाथाजी पुटपुटला. आणि या वेळी तो गरजला नाही. पण स्टँड एवढं शांत झालं होतं की ऐकू गेलं. "जोतिबा आबा, मागच्या दारानं. शालूबाईचं नाव काडा, माझं टाका. तिला कळू देऊ नका. ओव्हर."

एक ट्रॅक्टर मधून गेला, त्यावरच्या टेपवर लावणी चालू होती. तो गेला. आबा सायकलची घंटी चाचपत होते, जणू ती आत्ताच बिघडली होती.

बूथमधून आवाज आला. "पुढची."

एकविसावी उघडली आणि वरती कसलीच नोंद नव्हती. थेट निमंत्रक. एक नंबर, शालूबाई जोतिबा माने, सरपंच. खाली एकशे अकरा, सगळे जागच्या जागी. मी शेवटपर्यंत खाली गेलो. एक अक्षर तुटलं नव्हतं.

"सापडली!" मी ओरडलो. माझा आवाज फाटला. नाथाजीनं तेही पाठवलं.

आता ती फ्लॉपीवर काढायची. डिस्कवर परत ठेवायची नाही, घर मोडेल. फ्लॉपी वेगळी, तिथं काढली तर धोका नाही. आज्ञा आली, डेल्टा, युनिफॉर्म, माइक, पापा. फ्लॉपी घरघरली. पण पाठोपाठ बूथमधून निरोप आला. "बाई म्हणत्यात, समद्या काडा! चोवीसच्या चोवीस!"

"समद्या कशाला?" मी.

"बाई म्हणत्यात!"

बाई म्हणतात म्हटल्यावर काढल्या. नुसता मजकूर, एका फ्लॉपीत आरामात बसला.

तोवर मानसिंग अण्णा सावरले होते. दारात पायरीवर चढले, हात वर केला. "ऐका मंडळी. शपथ मोडली हाय. समद्यांची पापं उघडी पडली. आता ही यादी आपल्याला मंजूर न्हाई. सांच्याला देवळात पुना बैठक. बरुबर का न्हाई?"

"बरुबर, बरुबर," रसवंतीमागून दोघं-तिघं म्हणाले. पापं उघडी पडलेले सगळे एक होतात. ह्यात नवल काही नाही.

शालूबाई रस्ता ओलांडून आल्या. गर्दी आपोआप फाटली. त्यांनी माझ्या हातातली फ्लॉपी घेतली, पिशवीत टाकली आणि अण्णांच्या समोर उभ्या राहिल्या.

"घ्या बैठक, अण्णा. लय आनंद. पर ऐकून घ्या. ह्या डबीत चोवीस याद्या हायत. सांगलीत मी एक छापणार. शेवटची. पुना बैठक बसली, तर बाकीच्या तेवीसबी छापणार. वरच्या वळीसकट. गुलाबी कागदावर, देवीच्या फोटूखाली. आटपाडीपत्तूर वाटणार. तुमच्या सोयऱ्यांच्यात पयल्यांदा."

अण्णांचा वर केलेला हात खाली आला.

"खाली शोभंल म्हणालायसा न्हवं?" शालूबाई म्हणाल्या. "बघू कोण कुठं शोभतंय."

कुणी हसलं नाही. एक जण हसायला लागला, पण त्याचीही एक यादी होती, ते त्याला आठवलं.

दोनची एसटी लागली. शालूबाई चढल्या, खिडकीशी बसल्या. जोतिबा आबा सायकल टाकून खिडकीखाली गेले. मोठा धिप्पाड माणूस, पण आवाज शेळीसारखा झाला होता.

"आगं, मी येतो की संगट. सांगली मोठं गाव. एकली कुठं जातीस?"

"नको."

"प्रेसवाला फशीवतो."

"तुमच्यापक्षा?"

आबांनी खिडकीची सळई धरली. मग म्हणाले, "जेवाय कवा येशील?"

"पोळ्या हायत डब्यात. म्हसरं पाजा," शालूबाई म्हणाल्या आणि कंडक्टरनं घंटी दिली.

संध्याकाळी मी मॅडमना आभाराचा फोन केला. म्हटलं, "सगळ्या याद्या काढायला सांगितल्यात, ते लय बरं झालं. नाहीतर बैठक बसली असती."

"मी कधी सांगितलं?" मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं, एकच काढा आणि मशीन बंद करा. पण तुमच्या सरपंचबाईंनी मला विचारलं की एका फ्लॉपीत किती याद्या मावतात. मी म्हटलं, शंभरही मावतील. मग त्या 'बरं' म्हणाल्या."

शुक्रवारी पत्रिका आली. नारायणरावानं शालूबाईंचं नाव सगळ्यांपेक्षा जाड टाइपात लावलं होतं. त्यांनी नुसतं तसं सांगितलं का त्याला फ्लॉपीतलं काही दाखवलं, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. माझं नाव अठ्ठ्याऐंशीवर. पत्रिका वाटायला जोतिबा आबा गेले. घरोघर. मानसिंग अण्णांच्या दारात त्यांनी एक जास्तच दिली म्हणे.

जत्रेनंतरच्या सोमवारी अण्णा माझ्या दुकानात आले. एकटे. चहाचं विचारलं नाही.

"मास्तर, ती फ्लॉपी सरपंचबाईंकडंच हाय का रं?"

"त्यांच्याकडंच. आणि परवा येऊन त्यांनी माझ्याकडनं दोन कोऱ्या नेल्या."

"कशाला?"

"मी न्हाई विचारलं, अण्णा."

अण्णा स्टुलावर बसले. मशिनीकडं बोट केलं. मग म्हणाले, "ह्ये लिनक्स का काय ते... शिकायला किती दिवस लागत्यात?"